दाजींनी होडी दक्षिणेला नेली

आमच्या साडूंसमोर सहज म्हणून काही बोलायची सोय नाही. जगात माणसं रोज शेकडो गोष्टी नुसत्या बोलण्यासाठी बोलतात आणि विसरून जातात. आमचे साडू त्या मनावर घेतात. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. एकदा गाडी चालवता चालवता मी म्हणालो, "यंदा घरी लोणचं घालायला पाहिजे." पुढच्या शुक्रवारी दाजी कतारच्या दुसऱ्या टोकाच्या मेसईदहून आमच्या दोह्यातल्या अल दुहैलच्या घरी आले, ते कैऱ्यांचं पोतं, मोहरीची डाळ आणि स्वतःचा अडकित्ता घेऊन. दाराशी मला बाजूला सारत म्हणाले, "पाव्हणं, बरण्या उन्हात ठेवल्यात न्हवं?"

दाजी मूळचे मंगळवेढ्याचे, म्हणजे जिथं ज्वारी उत्तम येते आणि पाणी येईल तेव्हा येतं अशा मुलखातले. पोहायला ते विहिरीत शिकले. विहिरीत पुढं जायला जागा नसते, त्यामुळं दाजी आजही उभ्या उभ्या, आहे त्याच ठिकाणी पोहतात. तीसेक वर्षं मेसईदच्या एका कारखान्यात त्यांनी व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले, आणि या धंद्यानं त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली, ती म्हणजे तयारीशिवाय कशालाही हात लावायचा नाही. सहलीला ते सेफ्टी शूज घालून येतात. सूक वाकिफच्या जुन्या बाजारातल्या हॉटेलात शिरल्यावर बाकीचे मेनू बघतात. दाजी आधी मागचं दार कुठं आहे ते बघून येतात, मगच बसतात.

अशा माणसासमोर त्यांच्या कारखान्यातला एक डच साहेब चुकून बोलून गेला. निवृत्तीनंतर मित्रांना भेटायला दोह्यात आला होता. दाजींच्या घरी चहा पिता पिता म्हणाला, माझी शिडाची एक छोटी होडी फ्रान्सच्या उत्तरेला कालव्यात पडून आहे, माझे गुडघे गेले, हिवाळ्याआधी तिला कालव्यांतून आणि नद्यांतून दक्षिणेच्या समुद्रावर नेणारा कुणी भेटला तर बरं होईल. सगळे हसले. कुणी बिस्किटं पुढं केली. दाजींनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "व्हेन?"

ताई, म्हणजे दाजींची बायको आणि माझी थोरली मेहुणी, त्या वेळी आत कांदा चिरत होती. ती बाहेर येईपर्यंत तिचंही जायचं ठरलेलं होतं.

मग जी तयारी सुरू झाली तिनं आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. कालव्यांतल्या वाटेवर ठिकठिकाणी लॉक असतात. म्हणजे दोन दारांमधली पाण्याची एक मोठी पेटी. होडी आत घ्यायची, दार लावायचं, पेटीतलं पाणी हळूहळू उतरतं तशी होडीही उतरते, मग पुढचं दार उघडतं. पाणी उतरताना काठाला गुंडाळलेला दोर सैल सोडत राहायचा, एवढीच कसोटी. वाळवंटात हे शिकायचं कुठं? दाजींनी आपल्या क्वार्टर्सची लिफ्ट धरली. ताईच्या हातात दोर, दोराचा मधला वेढा लिफ्टच्या दांड्याला, आणि दाजी बटणापाशी. "दार बंद! पाणी उतरतंय! सोड, सोड, झटका नको!" मधल्या मजल्यावर त्यांचा इजिप्शियन शेजारी खबूसच्या रोट्यांच्या पिशव्या घेऊन आत आला. त्यानं विचारलं, "गोइंग डाउन?" दाजी गंभीरपणे म्हणाले, "येस. व्हेरी स्लोली." त्या दिवसापासून तो जिन्यानं जातो.

होडी वळवायचा सराव आमच्या कंपाउंडच्या पोहायच्या तलावात, रबरी नावेतून झाला. माझी मुलगी वर येऊन म्हणाली, "बाबा, दाजी इज ब्लॉकिंग द स्लाइड." मी खाली गेलो तर पोरं रांगेत उभी, आणि दाजी त्यांना डावी-उजवीकडची शिस्त शिकवत होते. हसू येत होतं, पण त्याच दाजींनी साठीला टेकल्यावर रात्रपाळ्या सांभाळून होडी हाकायची परीक्षा दिली आणि पास झाले, तेव्हा मात्र मला त्यांना सलाम करावासा वाटला.

साठवलेली रजा काढून सप्टेंबरात दोघं गेली. व्हिसा तीन महिन्यांचा, आणि हिवाळ्यात काही कालवे दुरुस्तीला बंद होणार, म्हणजे रमतगमत जायची चैन नव्हती. दर शुक्रवारी ताईचा निरोप यायचा आणि आम्ही तो जेवताना ऐकायचो. "अगं, ही कसली शिडाची होडी! पूल खुजे म्हणून डोलकाठी काढून आडवी निजवलीये. आम्ही इंजिनावर फटफटत चाललोय आणि मी डोलकाठीवर टॉवेल वाळत घातलेत." एका लॉकवर आभार मानताना दाजींच्या तोंडून सवयीनं "शुक्रन" निघून गेलं. लॉकचा रखवालदार मूळचा अल्जीरियाचा निघाला. त्यानं अरबीत गप्पांचा धबधबाच सोडला. दाजींना अरबी शब्द येतात मोजके. यल्ला, खलास, शुक्रन आणि इन्शाल्ला एवढ्यांवर त्यांनी संपूर्ण संभाषण पार पाडलं. ताईनं शेंगदाण्याची चटणी दिली, त्यानं बागेतला भोपळा दिला.

मग एका शुक्रवारी निरोप आला नाही. शनिवारी दाजींचाच फोन आला. एका लॉकमध्ये पाणी उतरत असताना ताईच्या हातातला दोर खुंट्याला अडकला. पाणी खाली चाललं आणि होडी त्या दोरावर लटकून कलंडू लागली. ताई दोर सोडवायला गेली आणि मनगट त्यात सापडलं. दाजींनी सुरीनं दोर कापला, होडी धाडकन पाण्यावर आपटली. मनगट मोडलं होतं. हाताला प्लास्टर घातलं होतं.

"खलास, पाव्हणं," दाजी म्हणाले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "चुकलं माझं. लिफ्टमध्ये दोर कधी अडकलाच न्हाई. तिकिटं बघतो, परत येतो." बायकोनं रडत माझ्या हातातून फोन घेतला. कॅनडातून त्यांच्या मुलानंही निघून या म्हणून धोशा लावला होता. एवढ्यात पलीकडून ताईचा आवाज आला.

"रडतेस कशाला? मनगट मोडलंय, मी नाही. सुकाणू एका हातानं धरता येतं. दोर यांना ओढू दे."

"ताई, हट्ट करू नकोस गं."

"हट्ट यांचा होता. आता माझा आहे. सकाळी निघतोय."

आणि दोघं निघाली. पुढच्या वाटेवर सुकाणू ताईकडं आणि दोर दाजींकडं. सकाळी धुकं धरायला लागलं होतं, झाडांची पानं पाण्यावर पसरली होती, दिवस आखूड होत होता. ताई स्वेटरवर स्वेटर चढवून मागं बसायची आणि हुकूम सोडायची, "अहो, डावीकडचा दोर! तो नव्हे!" आणि तीस वर्षं माणसांच्या टोळ्या हाकलेले दाजी "येस मॅडम" म्हणून धावायचे. हे त्यांनी स्वतः आम्हाला कौतुकानं सांगितलं, वर म्हणाले, "माझ्यापरीस सरळ चालवती." शेवटची मोठी नदी त्यांनी जोराच्या वाऱ्यात उतरली आणि व्हिसा संपायच्या आत दोघं समुद्रावर पोचली. डच साहेब काठी टेकत धक्क्यावर उभा होता. क्रेननं डोलकाठी उभी केली, आणि त्यानं स्वतः होऊन दोघांना म्हटलं, चला, एक दुपार तरी खरी होडी चालवा.

दोह्याला परतल्यावर दाजींचे नोकरीचे मोजकेच दिवस उरले होते. सामान मुंबईला रवाना झालं. कायमचं मायदेशी निघायच्या दिवशी संध्याकाळी आम्ही वक्राच्या किनाऱ्यावर बसलो होतो. बायका वाळूत पुढं चालत गेल्या होत्या, ताईचं प्लास्टर निघालेलं होतं. मी विचारलं, "दाजी, शीड उघडलं तेव्हा कसं वाटलं?"

मला वाटलं, आता वाऱ्याची दिशा, दोरांची जाडी, सगळं येणार.

"साहेब पुढं बसला हुता," ते म्हणाले. "त्यानं सांगितलं, इंजिन बंद करा. केलं. आन् सगळं गप झालं. ही माझ्या शेजारी, सुकाणूवर. मला हिचा श्वास ऐकू आला, पाव्हणं. तीस वर्षं एका खोलीत झोपतोय आम्ही, पर वर एसीची घरघर. कधी ऐकलाच नव्हता."

एवढं बोलून ते उठले आणि बुटातली वाळू झटकू लागले.

त्या रात्री ती दोघं गेली. विमानतळावरून घरी आल्यावर मी आमच्या खोलीतला एसी बंद केला. बायको म्हणाली, "बिघडला का?"

"नाही," म्हटलं. "जरा बसू या असंच."

ती दिवाही न लावता शेजारी येऊन बसली.