पुंगळ्या बघणारी मंदा

आम्ही नवराबायकोने मिळून शेवटचं काम केलं ते काडतुसं भरण्याचं. गुरुवारी, दुपारची जेवणं झाल्यावर. अल ऐनच्या बाहेर अरबाबची, म्हणजे आमच्या मालकाची, खजुराची बाग आहे. तिथल्या मागच्या खोलीत बसलो होतो. मी रिकाम्या पुंगळीत बंदुकीची दारू ओतत होतो, मंदा वरून छर्रे घालून तोंड बंद करत होती. तेवढ्यात देवगडहून मुलीचा फोन आला. हातात माप धरूनच मी बोललो. फोन ठेवला आणि पुढे ओतायला लागलो.

"अवो, थांबा," मंदा म्हणाली. "ह्येच्यात दारू घातलात काय नाय?"

"काय जाउक नाय. भर तू."

"शंका इली ना? मग ओता भायर. सगळी."

"गप बस. उद्या सकाळी अरबाबचा भाऊ न्यायला येणार."

ती गप्प बसली, हातही थांबवला. मला वाटलं, रुसली. पुढची तोंडं मीच दाबून बंद केली. पन्नास भरून खोका बांधला.

मंदाचा स्वभाव असाच होता. मी मुसफ्फाच्या गॅरेजातून या बागेवर ड्रायव्हर म्हणून आलो, मागून अरबाबच्या आईच्या जेवणासाठी तिला आणली. अरबाबला नेमबाजीचा नाद. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायच्या आणि वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून घरी परत भरायच्या. परवाना होता त्याच्याकडे. भरताना समोर टीव्हीवर उंटांची शर्यत चालू असायची. पहिल्याच आठवड्यात मंदा चहा घेऊन गेली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "अरबाब, टीव्ही बंद. ये काम में टीव्ही नहीं."

आमचा दोघांचा व्हिसा त्याच्या हातात.

त्याने मान वर केली. "तुमको बंदूक मालूम?"

"बाप भरता था. हम पकडता था."

त्याने टीव्ही बंद केला. पुन्हा त्या खोलीत कधी लावला नाही.

तिच्या बापाकडे डुकरं हाकायला ठासणीची बंदूक होती. एकदा बापाने दारू ठासली, कुणीतरी हाक मारली म्हणून अंगणात गेला, आणि परत येऊन पुन्हा ठासली. ती बंदूक काकाने उचलली. बार उलटला आणि काकाचा डावा डोळा गेला. मंदा दहा वर्षांची, शेजारीच उभी होती. बाप पुढे रोज म्हणायचा, मला वाटलं घातली नाही. मंदा ते सांगताना रडायची नाही, चिडायची. "वाटलं म्हणजे काय? बघूक काय झालेला?"

म्हणून ती बघायची. एकेक पुंगळी खिडकीच्या उजेडात धरायची. आधी तोंड, मग बूड. कडेला केसाएवढी चीर दिसली की डब्यात. अरबाब हळूच डब्यातली उचलायचा. "ये अच्छा है, मुदीर." मुदीर म्हणजे साहेब. तो तिला तसंच म्हणायचा.

"अच्छा है तो तुम भरो, तुम मारो. हम नहीं भरेगा."

तो हसायचा आणि परत टाकायचा. मी हसलो की मात्र मला ओरडा. माझ्याशी ती गोड कधी बोलली नाही. मीही कुठे बोललो?

तर त्या गुरुवारी तासाभराने मी तिच्याकडे चहा मागितला. उत्तर नाही. वळून बघितलं तर टेबलावर डोकं टेकलेलं, एक हात छातीवर. ॲम्ब्युलन्स आली. सूर्य बुडायच्या आत ती गेली. डॉक्टर म्हणाला, दुपारपासून दुखत असणार. म्हणजे ती रुसली नव्हती. मी तिच्या शेजारी बसून पुंगळ्या दाबत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या कागदपत्रांसाठी तिचा पासपोर्ट न्यायला बागेवर आलो. फाटकात अरबाबच्या भावाची गाडी उभी, खोका त्याच्या काखेत. अरबाब शेजारी, डोळे सुजलेले.

"अरबाब, ये नहीं जाएगा," मी म्हटलं.

"क्यों? मुदीर का हाथ है. उसका हाथ में गलती नहीं."

"आधा मेरा हाथ है."

भावाने घड्याळ बघितलं. "यल्ला, लेट होता है." गाडीचं दार उघडलं. मी खोक्यावर हात ठेवला आणि काढला नाही. साठी उलटलेला नोकर मी, एका शब्दात घरी पाठवला असता. अरबाब भावाला अरबीत काहीतरी बोलला. भावाने खोका माझ्याकडे ढकलला.

मागच्या खोलीत बसलो. सुरीने तोंड कापायचं, छर्रे ताटात, दारू कागदावर. दहा झाली, वीस झाली, सगळी बरोबर. भाऊ दारात किल्ली वाजवत उभा. तीस झाली. तो अरबाबला हसून काहीतरी म्हणाला. मला अरबी येत नाही, पण म्हातारा वेडा झालाय एवढं कळलं.

सदतिसावी कापली. कागदावर दारू पडली, आणि पडतच राहिली. दोन मापं.

किल्लीचा आवाज थांबला. भाऊ खाली बसला.

"खलास," अरबाब हळू आवाजात म्हणाला. "मिल गया."

"खलास नहीं," मी म्हटलं.

तेरा राहिली होती. तीही सगळी कापून बघितली, हात धुतले, आणि तिचा पासपोर्ट घेऊन हॉस्पिटलला गेलो.