भुऱ्याची धाबळी

आमचे हे गेल्यापासून माझं देवाशी नीट बोलणं नव्हतं. पूजा चालू होती, दर गुरुवारी दत्तमहाराजांना नैवेद्यही होता, पण मनातून रुसलेलीच होते मी. हुबळीतल्या केशवापूरच्या या घरात आता मी आणि ह्यांचा म्हातारा ससा, दोघंच. ह्यांनी त्याला तळहातावर मावेल एवढा आणला होता, नाव ठेवलं भुऱ्या.

त्याचे मागचे पाय लुळे पडले आणि माझे हाल सुरू झाले. जागेवरच लघवी, मागे चिकटलेल्या लेंड्या, भिजून गुठळ्या झालेले केस. त्याला पुसायचं, चादर बदलायची आणि पुन्हा आंघोळ करून सोवळ्यात यायचं. सोवळ्याच्या बाबतीत मी भारी कडक. सासूबाईंची लोकरीची धाबळी पूजेपुरती नेसायची, एरवी वलणीवर उंच, कोणी हात लावायचा नाही. "देवा, याला तरी सुखानं ने," असं एकदा वैतागून म्हणाले, आणि मग रडलेही.

त्या गुरुवारी भुऱ्यानं नेमकी देवघरासमोर घाण केली. म्हटलं, याला एकदा स्वच्छ न्हाऊ घालू, मग मी आंघोळ करून पूजेला बसेन. बादलीत धरून चांगला चोळून धुतला. सशाला असं भिजवायचं नसतं, हे मला कुठं ठाऊक! बाहेर काढला तर अंग गार, मान लटकलेली, डोळे अर्धवट मिटलेले. ह्यांचं एवढं एकच जिवंत माणूस उरलं होतं घरात. हो, माणूसच म्हणते मी.

तेवढ्यात दारात हाक आली, "अक्का, इथं पाटलांचं घर कुठलं?" हातात लग्नपत्रिकांची पिशवी, माझ्याच वयाची बाई. ऑटोवाल्यानं चुकीच्या गल्लीत सोडलं होतं तिला. माझ्या हातातलं बघून ती चप्पल काढून आतच आली. "अय्यो! कोरडं करा आधी. लोकरीचं काही आहे का?"

आमच्या हुबळीत कुणाच्या घरी लोकर असते हो? माझी नजर वलणीकडे गेली. क्षणभर थांबले, खोटं कशाला बोलू. मग पारोशा हातानंच धाबळी ओढली आणि भुऱ्याला गुंडाळला. ती बाई पाठ चोळत राहिली, मी छातीशी धरून बसले. तोंडातून एकच निघत होतं, "महाराज, तुमचा आहे, तुम्हीच बघा."

किती वेळ गेला कळलं नाही. नाक हललं. मग मिशा. बाई हसली, "बरतीनी अक्का," असं कानडीत 'येते' म्हणून निघूनही गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं. पुढच्या गल्लीतल्या पाटलांकडे चौकशी केली, त्यांच्याकडे कोणी पत्रिका घेऊन आलंच नव्हतं. मी त्यावर जास्त डोकं चालवत नाही.

डॉक्टरांनी नंतर मागचे केस बारीक कापून दिले. आता ओल्या फडक्यानं तेवढीच जागा पुसते आणि लगेच कोरडी करते. भुऱ्या फार दिवसांचा सोबती नाही, हे मला कळतं. नेशील तेव्हा ने, पण तोवर माझ्या हातून सेवा घडू दे, एवढंच आता मागते.

धाबळी त्याचीच झाली, देवघराशेजारी अंथरलेली असते. गुरुवारी हात जोडते तेव्हा हातांना भुऱ्याचा वास असतो. महाराजांनी अजून तक्रार केलेली नाही.