औंधात सापडलेली इटलीची गाडी

ए सुम्या, चहा नंतर पी, आधी ऐक! काल माझं जे झालंय ना, ते वैऱ्याचंही होऊ नये. म्हणजे झालं तर बघायला मला बोलवा, पण होऊ नये.

तुला माहितीय, जुन्या इटालियन स्पोर्ट्स गाड्या म्हटलं की मी किती वेडा होतो. दारात स्कूटर आहे, तीसुद्धा आईच्या नावावर. पण रात्र रात्र व्हिडिओ इटलीचे! अरे, त्या अगदी सुरुवातीच्या गाड्या कारागिरांनी हातानं बनवलेल्या. लाकडी साच्यावर पत्रा ठेवायचा आणि ठोकायचा. त्यामुळं एक गाडी दुसरीसारखी नाही. एवढंच काय, एकाच गाडीची डावी बाजू उजवीसारखी नाही! दिवे, हँडलं त्या दिवशी वर्कशॉपात जी मिळाली ती बसवलेली. म्हणून जाणकार काय बघतो? फरक! दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या की समजायचं, नंतर कुणीतरी केलेली नक्कल.

हे ज्ञान डोक्यात भरून मी काल सांगलीहून एकटाच लग्नाला गेलो; आजी आजारी, म्हणून आई घरीच थांबली. तिथंच चुकलं.

लग्न माझ्या मावसभावाचं. विक्रम, फौजी, कडेगावचा. मुलगी औंधची, त्यामुळं मांडवही औंधात. मावशीनं मला एकच काम दिलं, "परण्याच्या मिरवणुकीत तू त्याच्याबरोबर गाडीत बस. मारुतीचं दर्शन झालं की वेळेत मांडवात आण. आणि बाकी कशात तोंड घालू नकोस."

शेवटचं वाक्य मी ऐकलं असतं, तर आज तुला नुसता चहाच मिळाला असता.

परण्याची गाडी मुलीचे मामा देणार होते. दिनकरमामा. भरघोस मिशी, गुलाबी फेटा, आवाज असा की बँडवाल्यानं माइक बंद करावा. मला वाटलं, असेल एखादी पांढरी गाडी, फुलं चिकटवलेली. मामांनी शेडमधली ताडपत्री ओढली आणि सुम्या, मी टुणकन उडीच मारली!

लाल! बुटकी! टप नाही, लांबलचक नाक, तारांची चाकं! पुढं पितळेचा बैल! इटलीच्या एका कंपनीचं चिन्हच बैल आहे रे!

आता तूच विचार कर. औंध म्हणजे संस्थानचं गाव. अशा गावात एखादी जुनी परदेशी गाडी कुठंतरी पडून राहिली असेल की नाही? मला तर शंकाच उरली नाही. मी गाडीभोवती पळत सुटलो. वीत लावून दारं मोजली.

"मामा! हे डावं दार उजव्यापेक्षा बोटभर लांब आहे!"

मामा जरा गोरेमोरे झाले. "आसंल थोडं. कुणाच्या ध्यानात येतंय?"

"अहो, ध्यानात यायलाच पाहिजे! आणि हे दिवे! डावा जमिनीकडं बघतोय, उजवा यमाईच्या डोंगराकडं! तिरळी आहे की हो गाडी!"

"हळू बोला पावणं, माणसं हायेत."

"ऐकू दे की माणसांना! या बाजूला हवेच्या फटी तीन, त्या बाजूला चार! आणि हे हँडल? हे या गाडीचं नाहीच! दुसऱ्याच कुठल्या गाडीचं काढून बसवलंय!"

बैलाची शिंगंसुद्धा कंपनीच्या चिन्हातल्यापेक्षा लांब होती. तेव्हा मी काय म्हणालो? "सुरुवातीच्या गाड्यांवर चिन्हसुद्धा एकसारखं नसायचं!" मनातल्या मनात म्हणालो, ते एक बरं झालं.

माझा आवाज ऐकून दोन्हीकडची मंडळी जमली. मागून कुणीतरी विचारलं, "काय झालं रं?"

"वरपक्षानं गाडीत खोट काढली म्हनं."

हे माझ्या कानावर पडलं. पण डोक्यापर्यंत पोचायला जागा कुठं होती? तिथं सगळी इटली भरलेली! एक पोरगा चिकटपट्टी आणि झेंडूच्या माळा घेऊन आला, तसा मी दोन्ही हात पसरून गाडीपुढं उभा राहिलो.

"खबरदार! एक फूल लावायचं नाही! ही गाडी रस्त्यावर काढायचीच नाही! आमचा नवरदेव हिच्यात बसणार नाही!"

मामांनी डोक्यावरचा फेटा काढला, बॉनेटवर ठेवला. किल्ली खिशात टाकली आणि एक शब्द न बोलता चालू लागले.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, भारावले! आपल्या शेडात एवढं रत्न आहे हे कळल्यावर माणूस गप्प होणारच की!

थोड्या वेळानं मावशी आली. नऊवारीचा काष्टा आवळलेला. सुम्या, तो काष्टा बघूनच मी दोन पावलं मागं सरकलो.

"तू मुलीच्या मामांच्या गाडीला तिरळी म्हणालास?"

"प्रेमानं म्हणालो गं!"

"मामा रुसले! मांडवात येत नाही म्हणतात. मामानं हात धरल्याशिवाय नवरी उभी राहत नसती, एवढं तरी माहितीय का? ती पोरगी आत रडायला लागलीय. मुहूर्त तोंडावर आलाय!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अख्ख्या गावासमोर मी त्या माणसाच्या मानाच्या गाडीला नावं ठेवली होती. तीही वरपक्षाचा पाहुणा म्हणून! लग्नात भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तर पंगत उठते रे, आणि मी तर दार, दिवा, हँडल सगळंच काढलं होतं.

विक्रम मुंडावळ्या बांधून खुर्चीवर बसला होता. मला बघून एवढंच म्हणाला, "भावा, सुट्टी संपायच्या आत लग्न होईल ना रं?"

मावशीनं माझ्या हातात टॉवेल, टोपी आणि नारळ कोंबला. "मामांना घेऊन ये. नाहीतर तूही येऊ नकोस."

मामा डोंगराच्या पायथ्याला रसवंतीत बसले होते. पुढ्यातला रस तसाच. मी नारळ पुढं केला आणि सरळ पाय धरले.

"आवं, हे काय? उठा."

"मामा, चुकलो. पण मी नावं ठेवत नव्हतो, कौतुक करत होतो."

"तिरळी म्हनला तुमी तिला. कौतुक आसलं आसतंय?"

"आसलंच असतं मामा! इटलीच्या त्या जुन्या कारागिरांचं हेच तर वैशिष्ट्य. हातानं पत्रा ठोकायचे, म्हणून दार लांब-आखूड..."

"कंचं इटलीचं कारागीर?" मामा माझ्याकडं बघायला लागले. "ती गाडी म्या ठोकलीया!"

"...तुम्ही?"

"उसाच्या ट्रॉल्या बनवतो न्हवं का मी. जुन्या जीपचा सांगाडा घेतला, वरनं ट्रॉलीचा पत्रा मारला. दिवं गावलं तसं लावलं. भाचीच्या लग्नात मिरवायची म्हनून काम संपलं की रोज तिच्यावर बसायचो. आन तुमी चार मान्सात म्हनला, रस्त्यावर काढायची न्हाई."

कसंबसं विचारलं, "आणि तो... बैल?"

"त्यो आमचा खिलार. शर्यतीचा."

जमीन दुभंगली असती तरी मला पोटात घेताना तिलाही हसू आलं असतं. मी खरं काय ते सांगून टाकलं. व्हिडिओ, फरक, सगळं. म्हणालो, "मामा, देवाशपथ, मला ती खरोखर इटलीची वाटली. म्हणून काचेत ठेवा म्हणणार होतो."

मामांची मिशी हळूहळू हलायला लागली.

"खरंच वाटली?"

"खरंच."

"पुन्यांदा म्हना."

"इटलीची वाटली, मामा."

"जरा मोठ्यानं. ह्या रसवाल्याला ऐकू जाऊ द्या."

मी ओरडलो, "इटलीची वाटली!" रसवाल्यानं घुंगरू लावलेला चरकच थांबवला. मामांनी रस एका घोटात संपवला, टोपी डोक्यावर घातली आणि उठले. "चला, भाची वाट बघत आसंल."

परण्या निघाला. नवरदेव त्याच गाडीत, शेजारी मी. मुहूर्तालाच मामांनी भाचीला हात धरून मांडवात आणली. ती डोळे पुसत हसत होती. म्हटलं चला, संपलं.

कसलं संपतंय! अक्षता पडल्यावर मामांनी माइक घेतला. "सांगलीचं पावणं गाड्यांचं मोटं जाणकार हायेत. आमची गाडी त्यांना इटलीची वाटली!" टाळ्या! शिट्ट्या! मला व्यासपीठावर बोलावून त्यांचाच गुलाबी फेटा माझ्या डोक्यावर बांधला. वर जाहीर केलं, "पावण्यास्नी आज आमी ह्याच गाडीतनं सांगलीला सोडनार!"

मी म्हणालो, नको मामा, एसटी आहे. तशी मिशी परत खाली जायला लागली! मावशीनं लांबूनच डोळे वटारले. बसलो.

म्हणजे कल्पना कर. झेंडूच्या माळांनी भरलेली उघडी लाल गाडी. मागं परण्यासाठी बसवलेलं नवरदेवाचं उंच सिंहासन, त्यावर फेटा बांधून मी. आणि शेजारी कुणीच नाही! औंधापासून सांगलीपर्यंत! कडेगावात एका म्हातारीनं गाडी थांबवून विचारलं, "आवं, नवरी कुटं हाय?" मामा म्हणाले, "बघतुया, हाय का कुनी तुमच्यात?"

सांगलीत तर सगळ्या सिग्नलला रिक्षावाले अभिनंदन करत होते. आमच्या बिल्डिंगखाली मामांनी हॉर्न दाबला. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. आई धावत खाली आली. हातात काय, माहितीय? ओवाळायचं ताट! डोळ्यांत पाणी.

"न सांगता केलंस ना रे? असू दे. कुठंय ती?"

मी तोंड उघडायच्या आत मामांनी हात जोडले. "अजून न्हाई बाई. पर पोरगं लय गुनाचं हाय, एखादी बघू की!" वरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

मी काय केलं? गप मान खाली घातली आणि ओवाळून घेतलं.

हसू नकोस लेका! तू असतास तर काय केलं असतंस, सांग?