मॅडमनी दिलेला कोरा कागद

माझी पोरगी अकरावीत होती. सहामाहीत तिचे दोन विषय गेले, आणि एक दिवस ती वर्गातच चक्कर येऊन पडली. सौंसरच्या तिच्या शाळेत दर बुधवारी एक समुपदेशक मॅडम यायच्या, पोरांचं ऐकून घ्यायच्या. त्यांनी तिला जवळ बसवून विचारलं तेव्हा ती खूप रडली म्हणे. घरचं काम, मग बोरगावच्या फाट्यापर्यंत पायी, मग बस. परत आल्यावर पुस्तक उघडलं की मोठे बाबा, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, माझे भासरे, म्हणत, "लग्नात काय फिजिक्स विचारतेत?" ते तिला शाळेतून काढणार होते.

मॅडमनी मुलींच्या वसतिगृहाचा फॉर्म आणला. आईची संमती पुरे, असं त्या म्हणाल्या. मला निरोप दिला, "आईनं एकटीनं यावं."

एकटीनं मी कुठं गेलेच नव्हते. माझा नवरा गेल्यापासून राशन, बँक, तहसील सगळं भासरेच पाहतात. आमचं वावरही तेच वाहतात, त्यांच्या उपकाराला मी नाही म्हणणार नाही. मी भीत भीत जावेला सांगितलं, जावेनं त्यांना. बुधवारी ते गाडी घेऊन तयार.

शाळेत मॅडमनी खुर्ची पुढं केली. भासऱ्यांसमोर मी खुर्चीवर कशी बसणार? पदर ओढून दाराजवळ खाली बसले. पोरगी भिंतीला टेकून उभी होती.

"ताई, वर बसा ना."

"राहू द्या मॅडम," भासरे हसले. "वीस वर्षं झाले हिले या घरात येऊन, मी हिचा आवाज नाही आयकला. अशी सून भेटत नाही आता."

"भाऊ, तुम्ही जरा बाहेर थांबता का? मला यांच्याशी बोलायचं आहे."

"बाहेर कायले? हिचं जे हाय ते मीच सांगून राहिलो ना."

मॅडमनी पुन्हा पुन्हा विचारलं. मुलीला शिकवायचं आहे ना? मला हो म्हणायचं होतं. एवढासाच शब्द, पण त्यांच्यासमोर आजवर एकही काढला नव्हता. शेवटी मॅडम उठून माझ्याजवळ खाली बसल्या आणि कोरा कागद, पेन हातात दिला. हळूच म्हणाल्या, "बोलता येत नसेल तर लिहा. तुम्हाला काय वाटतं तेवढंच."

मी चौथी शिकले आहे. लिहिता येतं. पण आजवर ज्यानं कुणी कागद दिला, त्यानं सहीच मागितली. मी खाली माझं नाव लिहिलं आणि कागद परत केला. वर सगळा कोराच.

भासऱ्यांनी तो पाहिला. "झालं ना मॅडम? केली सही. आमचं जे ठरते ते तिले मंजूर हाय."

मॅडमनी तरी हार मानली नाही. गुरुवारी फोन केला. "ताई, शनिवारपर्यंत मुदत आहे. फॉर्म माझ्याजवळच आहे. फक्त हो म्हणा, बाकी मी बघते." भासरे ओसरीत संत्र्याच्या व्यापाऱ्याशी बोलत होते. मी फोन कानाला धरून ठेवला. मॅडम "ऐकताय ना, ऐकताय ना" म्हणत राहिल्या. मग त्यांनीच ठेवला.

शनिवार गेला. सोमवारी भासऱ्यांनी तिचा शाळा सोडल्याचा दाखला काढून आणला.

पोरीनं प्रॅक्टिकलची वही शेजारच्या मुलीला देऊन टाकली. मी म्हटलं, "राहू दे ना आपल्याजवळ."

"कायले?" ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आई, तुले हो म्हणायचं होतं काय नाही?"

"होतं."

"मंग?"

मी तिची शिदोरी बांधायला घेतली. ती कापूस वेचायला जायचं म्हणून डोक्याला फडकं बांधून निघून गेली. तेव्हापासून ती मला काही विचारत नाही.