नैरोबीच्या तरुणाचं मौन

परवा त्या नैरोबीच्या माणसाला शेवटचा निरोप देऊन आलो, आणि लंडनजवळच्या हाउन्सलोची ती सकाळ पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहिली.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी तिथे डिटेक्टिव्ह होतो. विमानतळाजवळच्या एका वेअरहाउसमधून रविवारी दुपारी कॅमेरे चोरीला गेले. निनावी फोन आला: तिथे काम करणाऱ्या केनियन तरुणाकडे बघा. गेटची किल्ली त्याच्याकडे असे. आम्ही त्याला अटक केली.

चौकशीच्या खोलीत टेप सुरू झाला. शेजारी त्याची वकीलबाई.

"रविवारी दुपारी कुठे होतास?"

उत्तर नाही.

"हाच चोर," बाहेर येताच सहकारी म्हणाला.

"चोर निदान आत्याकडे चहाला गेलो होतो म्हणून सांगतो," मी म्हटलं. "हा काहीच सांगत नाही."

दुसऱ्या फेरीत वकीलबाईंनी त्याला बजावलं, "गुन्हा शाबीत झाला तर तुला केनियात परत पाठवतील."  मग त्यानेच मला विचारलं, "सर, दोन पुरुष एकत्र राहत असतील तर इथे किती वर्षं?"

"कसली वर्षं?"

"तुरुंगाची. आमच्याकडे चौदापर्यंत. तिकडच्या माझ्या एका मित्राला त्याच्या सख्ख्या भावांनीच पोलिसांच्या हवाली केलं. कायदा तर तुम्ही ब्रिटिशांनीच लिहिलात. म्हणजे इथेही असणारच."

रविवारी कुठे होता हे तो का सांगत नाही, ते माझ्या लक्षात आलं.

"तुझं वय?"

"सव्वीस."

"आणि रविवारी ज्याच्याबरोबर होतास, त्याचं?"

"तीस."

"मग दोघंही एकवीसच्या पुढचे, इथे तो गुन्हा नाही. कायदा केव्हाच बदलला."

त्याने वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

"म्हणजे तो कायदा स्वतःच्या घरातून काढलात आणि आमच्याकडे ठेवून आलात?"



मग जोडीदाराचं नाव, पत्ता, सगळं एका दमात आलं. तो जवळच्या स्लाऊ गावात राहणारा नर्स. आम्ही गाडी दामटली. जोडीदाराने थेट शेजारच्या पंजाबी आजींचं दार ठोठावलं.

"रविवारी दोघं दुपारभर इथेच माझ्या हॉलला वॉलपेपर लावत होते," आजी म्हणाल्या. "बघा, एक तरी फूल जुळलंय का?"

एकही जुळलं नव्हतं! मी आनंदाने मोठ्याने हसलो.

स्टेशनवर धावतच कोठडीपाशी गेलो. "तू सुटलास."

"आणि तो?"

"बाहेर गाडीत बसलाय."

निनावी फोन करणारा वेअरहाउसचा सुपरवायझरच पुढे चोर निघाला.

चौकशीला बसताना समोरच्यावर कशाचा आरोप आहे हे मी आधीपासून सांगतच असे. तेव्हापासून कशाचा नाही, तेही सांगू लागलो.