एक रुपया राहू द्या

प्रकाशा गावाहून निघाले त्या दिवशी तापी ओलांडायला मी तीनदा नावेत बसले. पहिल्यांदा बसले तर लोणच्याची बरणी काठावरच राहिलेली, म्हणून उतरले. दुसऱ्यांदा बसले तर मायला रडू फुटलं, म्हणून उतरले. शेवटी नाववाले भोईदादा म्हणाले, "बाई, आते तरी बस. नही ते नंदुरबारले आगगाडी तुन्ही वाट देखी देखी म्हातारी व्हई जाई."

माय गुडघाभर पाण्यात आली, नावेची कड धरून म्हणाली, "कोनंबी सारं चुकतं करू नको, माय. जराखं ऱ्हाऊ दे. नही ते मानूस परत कसाले येई?"

इतर मुलींच्या आया काय सांगतात मला माहीत नाही. माझ्या मायने हे सांगितलं, आणि तेच माझ्या अंगाशी आलं. म्हणून लिहिते आहे. गावातल्या माझ्या माणसांनी वाचावं, आणि गाव सोडून इकडे नवापूर-सुरतेकडे आलेल्या लेकी-सुनांनी तर जरूर वाचावं.

आमच्याकडे रीतच तशी होती. भोई असो, सुतार असो, वर्षाचं देणं खळ्यावर दादर मोजून द्यायचं. दादर म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, हे इकडे वाढलेल्या पोरांना सांगावं लागतं. माझे वडील, आबा, पाच पायल्यांतल्या चार द्यायचे आणि एक मुद्दाम ठेवायचे. भोईदादा कधी रागावले नाहीत. उलट आबांनी एकदा चुकून पाचही दिल्या, तर ते दोन दिवस घुम्यासारखे बसले. तिसऱ्या दिवशी येऊन विचारलं, "पाटील, मन्हं काय चुकनं?" सगळं चुकतं करणं म्हणजे संबंध तोडणं. असं शिकून मी नवापूरला उतरले.

आमच्या ह्यांना तिथे लाकडाच्या वखारीत कारकुनी लागली होती. पगार महिन्याच्या महिन्याला. धान्य नाही, खळं नाही, हातात नुसते रुपये. किराणा घ्यायचा केसरबाईंच्या दुकानातून. ही मारवाडी कुटुंबातली शेठाणी, शेठपेक्षा हिचाच आवाज दुकानात जास्त. पहिल्या महिन्याचे चौदा रुपये झाले. मी तेरा दिले आणि प्रेमाने म्हटलं, "एक राहू द्या." केसरबाईंनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मला वाटलं, बाईला माझी रीतभात आवडली.

तीन महिन्यांतच मी शिवणाचं मशीन घेतलं. शिवता येत होतंच, आणि वखारीच्या आणि रेल्वेच्या माणसांच्या बायका चोळ्या-पोलक्यांसाठी दारात उभ्या राहायच्या. मशीन हप्त्यावर मिळालं, महिना दहा रुपये, बारा महिने. कागद गुजरातीत आणि इंग्रजीत. ह्यांनी तो बराच वेळ डोळ्यांसमोर धरला, मधेच पान उलटलं, "हं" म्हणाले आणि सही केली. मी अंगठा दिला. त्या "हं"चा अर्थ मला पुढे कळला. ह्यांना एक ओळ कळली नव्हती.

हप्ता न्यायला सुरतेहून छगनभाई यायचे. काळी टोपी, काखेत छत्री, बोलणं गोड. मी त्यांना पाटावर बसवून चिवडा द्यायची आणि हातात नऊ रुपये ठेवायची.

"बेन, एक रूपियो बाकी रह्यो."

"हो तर! राहणारच."

ते पावती लिहायचे, माझ्याकडे जरा कळवळून बघायचे आणि चिवडा अर्धा टाकून उठायचे. मला वाटायचं, सुरतच्या माणसाला तिखट सोसत नाही. त्यांना वाटायचं, बाई गरीब आहे, हिचं खाऊ कसं. असे अकरा महिने गेले. दोघंही एकमेकांवर खूश.

आणि तो राखलेला रुपया मी खर्च करत नव्हते बरं का! खर्चायचा कसा? तो तर त्यांचा. छगनभाईंचे रुपये धण्यांच्या डब्यात, केसरबाईंचे हळदीच्या. पिवळेजर्द झाले होते.

अकराव्या हप्त्यानंतर एका दुपारी छगनभाई बैलगाडी घेऊन आले. पगाराला सहा दिवस बाकी, हे वखारीत. मी पोलक्याला काज करत होते.

"बेन, मशीन लेवा आव्यो छूं."

मी म्हटलं, "कुठे नेता? तेलपाणी मी घरीच करते."

तेव्हा त्यांनी कागद काढून समजावलं. सगळे पैसे फिटेपर्यंत मशीन कंपनीचंच. थकबाकी एका हप्त्याच्या वर गेली की कंपनीने घेऊन जायचं, आणि दिलेले पैसेही परत नाहीत. माझे अकरा रुपये थकले होते. वर दर महिन्याला चार आणे दंड, तो पावणेतीन रुपये. पावणेचौदा रुपये आत्ता द्या, नाहीतर मशीन गाडीत.

मला घामच फुटला. माझ्या घरात ठेवलेलं, दसऱ्याला हळदकुंकू लावलेलं मशीन माझं नाहीच? मग अकरा महिने मी पूजा कोणाची केली? नव्याण्णव रुपये गेले, आणि वर लोकांची सात पोलकी अर्धवट. गाडीवान ओट्यावर चढला तशी मी मशीनला मिठी मारून बसले. गाडीवानाने छगनभाईंना विचारलं, "बाई पन लई जावानी का?"

आरडाओरडा ऐकून केसरबाई समोरच्या दुकानातून हातातल्या मापासकट आल्या. मी धण्यांचा डबा उपडा केला. अकरा रुपये खणखणले. छगनभाई डोक्याला हात लावून बसले.

"बेन! रुपिया हता, तो आप्या केम नहीं?"

"सगळे दिले असते तर तुम्ही परत कशाला आला असता?"

"अरे बेन, हूं तो पगारदार माणस! मारे तो आववानुंज!" म्हणजे त्यांना तर यायचंच होतं.

केसरबाई वळल्या. "थांब. म्हणजे माझा रुपया तू दर महिन्याला ह्यासाठी ठेवत होतीस?" मी मान हलवली आणि हळदीचा डबा पुढे केला. त्यात चौदा होते. शेठाणी माप टाकून खालीच बसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "चौदा महिने मी सगळ्या बाजारात सांगितलं, प्रकाशावाली चिकट आहे म्हणून!"

मग त्यांनी छगनभाईंना धारेवर धरलं. दंड सुटला नाही. तो कागदावर होता. पण गाडीचं भाडं ते माझ्यावर टाकायला निघाले तेव्हा शेठाणी म्हणाल्या, "गाडी रिकामी जाते. हवेचं भाडं कोण देतं?" कमी पडलेले पावणेतीन त्यांनी हळदीच्या डब्यातूनच दिले, माझ्या शिलाईपोटी आगाऊ. उरलेले आपले म्हणून पदरात बांधले. दंडाचे पैसे फेडायला त्यांच्या मुलींची पोलकी मी शिवून दिली आणि शिवताना प्रत्येक टाक्याला ह्यांच्या त्या "हं"ला शिव्या घातल्या.

पुढच्या महिन्यात शेवटचे दहा रुपये पूर्ण मोजून दिले. छगनभाईंनी पावतीवर काही लिहिलं आणि म्हणाले, बाकी काही नाही. मशीन माझं झालं आणि मला मेलं रडूच आलं. त्या दिवशी मात्र त्यांनी चिवडा सगळा संपवला.

त्यानंतर मी अक्षरं शिकले. रागाने शिकले. आधी पावत्या, मग वजनमापांचे छाप, मग मराठी, मग कामापुरती गुजरातीसुद्धा. तेव्हापासून आमच्या घरात कोणत्याही कागदावर सही होण्याआधी तो मोठ्याने वाचला जातो, आणि हे वाचत नाहीत, मी वाचते. केसरबाईंच्या वहीतली महिन्याची उधारी पगाराच्या दिवशी पैसुद्धा न ठेवता चुकती. केसरबाई त्यामुळे कधी रुसल्या नाहीत. रोज येतात, काही घ्यायचं-द्यायचं नसताना येतात. ते समजायला मला फार वर्षं लागली.

छगनभाईही आले, दिवाळीनंतर, मुलीच्या घागऱ्याचं कापड घेऊन. शिलाईचा सव्वा रुपया झाला. त्यांनी एक रुपया दिला, छत्री उचलली आणि दारातून म्हणाले, "बेन, चार आना बाकी राखजो."

आता घर म्हणायचं ते नवापूरचंच. भाडं वेळेवर, मशीन माझं, दुकानात नाव स्वच्छ. पण मायचं सांगणं अगदीच टाकून दिलं असं समजू नका. ज्यांच्याशी कागद आहे त्यांचं सगळं फेडते. ज्यांच्याशी कागद नाही, त्यांचं नाही फेडणार.

भाऊ, तू तुझ्या नातीसाठी तीन झबली मागितली होतीस. दोन हा कागद आणणाऱ्या माणसाबरोबर पाठवते आहे. तिसरं शिवून तयार आहे, घडी करून ठेवलं आहे. ते पाठवणार नाही. न्यायला ये.