मोरीच्या पाण्यावरचा गुलमोहर

गुलमोहर मुळासकट आडवा झाला तेव्हा त्याच्याखाली आम्ही दोघं होतो. आमचे हे खुर्चीत, मी खाली बसून शेंगा फोडत होते. वळवाचं वारं सुटलं होतं. माझा पाय फांदीत अडकला, तोंडात फुलं गेली आणि उपटलेल्या मुळांतून मोरीच्या चिखलाचा भपकारा आला. त्या वासाची शिसारी अजून गेलेली नाही.

सुमन, तू माझी धाकटी जाऊ. तुझ्या लेकानं लोणी देवकरला बांधलेल्या घरापुढं लावायला माझ्याकडं गुलमोहराचं रोप मागतेस, म्हणून लिहिते. झाड वाऱ्यानं पडलं असं तुला सांगितलं गेलं. ते अर्धंच खरं आहे.

आमच्या सतीशला बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि आम्ही इंदापूरकडचं रान विकून इकडं आलो. टेम्पोत भांडी, खाट आणि तेलाच्या डब्यात हे रोप. गावाकडं न्हाणीच्या पाण्यावर आपण केळ लावायचो, अळू लावायचो. तसंच मी हे मोरीच्या पाइपापाशी, भिंतीपासून चार हातांवर लावलं. हे म्हणाले, "अगं, ती केळ न्हाय. लांब लाव, तितं फाटकाजवळ."

"रानातलं तुमी बघा, दारातलं मला कळतंय," मी म्हणाले. रान राहिलं होतं कुठं?

साबणाचं पाणी पिऊन झाड स्लॅबच्या वर गेलं. उन्हाळ्यात लालभडक. शेजारणी त्याच्याखाली उभ्या राहून फोटो काढायच्या आणि मी मिरवायचे. मग एक दिवस मोरी तुंबली, घाण बाथरूमभर झाली. सतीशनं आणलेल्या माणसानं पाइप फोडला, तर आतून म्हशीच्या शेपटीएवढा मुळांचा झुबका निघाला, बुळबुळीत. घराकडची मुळं त्यानं तोडली आणि मला बजावलं, "आजी, आता वरचा भार उतरवा, न्हायतर पडंल."

सतीश कोयता घेऊन आलाही होता. मीच म्हणाले, फुलं झडू देत, मग छाट. कळ्या नुकत्या धरल्या होत्या. सावलीसाठी नाही, मिरवण्यासाठी ठेवलं मी ते झाड.

पडल्यावर गल्ली जमली. यांना बाहेर काढत होते तेव्हा एक बाई फुलांचा तुरा मोडून घरी घेऊन गेली. तिची किळस आली. पण तिच्यात आणि माझ्यात फरक काय?

रोप देणार नाही. भिंतीपासून आणि पाइपापासून वीस-पंचवीस फूट मोकळी जागा असेल तर तुझं तू लाव, आणि वेळेवर छाट. नसेल तर सावलीला पत्रा टाक.

गावी परत ये म्हणतेस. कशाला? रोज सकाळी जी मोरी मी घासते, ती जिथं आहे तेच आता माझं घर. तुला ते ऐकायला घाण वाटेल. वाटू दे.

हे दवाखान्याच्या वाटेवरच गेले. मी वाचले.